बॉल माझ्याच मांडीला लागून गोलमध्ये गेला

मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि रविवारी फुटबॉलचा रेफ्री असतो, म्हणजे तसा अजून शिकाऊच. ट्रेनिंगला नियम सतरा, ते पाठ होतात हो, पण फिटनेस टेस्टने जीव काढला, 75 मीटर 15 सेकंदात पळायचं मग 25 मीटर चालत जायचं, असं चाळीस वेळा! आणि लेखी परीक्षेत एक प्रश्न चुकलेला. बॉल रेफ्रीला लागून थेट गोलमध्ये गेला तर काय? मी ठोकून दिलं, गोल. लहानपणापासून तेच ऐकलेलं, रेफ्री म्हणजे मैदानाचाच भाग. सरांनी लाल पेनाने काट मारून बाजूला एवढंच लिहिलं, '2019!'

तर ड्युटीचा मेसेज ग्रुपवर गुरुवारी रात्री पडतो. माझ्या नावापुढे नेहमीप्रमाणे 'लाईन', म्हणजे कडेला झेंडा घेऊन पळणारा असिस्टंट. रविवारी ग्राउंडवर पोचलो तर सेंटरवाल्या दादांचा, म्हणजे मेन रेफ्रीचा फोन, द्वारका चौकात गाडी पंक्चर आहे, तू सुरू कर, आलोच. जानेवारीची थंडी, तरी मला घाम.

पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्यात शून्य-शून्य असताना कॉर्नर आला, गोलसमोरच्या बॉक्समध्ये ही गर्दी, आणि बघायच्या नादात मीपण आत शिरलो, जे करायचं नसतं. स्ट्रायकरने सहा-सात मीटरवरून जोरात हाणला, खाडकन माझ्या मांडीवर, तिथून वळून गोलीच्या उलट्या बाजूने जाळीत. पोरं नाचायला लागली. मी शिट्टी मारली आणि एक क्षण डोळ्यासमोर फक्त ते लाल '2019!'

गोल नाही, ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्रीने बॉल हातातून खाली सोडून खेळ परत सुरू करायचा, तोही गोलीला, बाकी सगळे चार मीटर लांब. बास, बाहेरून एक काका ओरडले, "ओ रेफ्री, चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय मी, रेफ्रीला लागला तर गोलच असतो!" त्यांचंही खोटं नव्हतं, आधी तसंच होतं की. कॅप्टन अंगावर आला. मी म्हटलं, भाऊ, 2019 ला नियम बदललाय, आता माझ्या अंगावरून गोल होत नाही. तो म्हणाला, "मग मधे कशाला उभं राहता सर?" याला काय उत्तर देणार?

मॅच शून्य-शून्यच सुटली. दादा शेवटच्या पाच मिनिटांना पोचले, सगळं ऐकून घेतलं, डिसिजन बरोबर म्हणाले आणि मग दहा मिनिटं झापलं, बॉक्समध्ये गेलासच का म्हणून. मांडीवर बॉलची शिवण उमटली होती, ती दाखवली तर हसले.

पुढच्या गुरुवारी मेसेज आला. माझ्या नावापुढे परत 'लाईन'.