सूचनावहीची किल्ली

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कुलात मी नववीला गणित शिकवतो. एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या बोर्डाची, धास्ती आमच्याकडं नववीपासूनच. पोर्शनबाहेरचं काही घेतलं की स्टाफरूममध्ये लगेच विचारतात, 'परीक्षेला येणार काय ते?' सांकेतिक लिपी परीक्षेला येत नाही. तरी शनिवारचा शेवटचा तास मी तिलाच देतो.

एका गटानं निरोप सांकेतिक करायचा, दुसऱ्यानं फोडायचा. मागं एकदा एका गटानं मराठी निरोप सरळ कन्नड लिपीत लिहून दिला. पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडात तो खपलाही असता. इथं बसच्या पाट्या वाचत वाढलेल्या पोरांनी तो घडाघडा वाचला.

यावेळी आकडे होते. इंग्रजीत 26 अक्षरं, विषय संपला. आपल्याकडं 'र्थ्यां' हे एक अक्षर म्हणायचं की 7 खुणा? आम्ही खुणा धरल्या: व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूणसुद्धा, प्रत्येकाला वेगळा आकडा. शब्दांमधली जागा तेवढी मोकळी सोडायची.

नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवलेली रीत मी शिकवली होती: कोणती खूण किती वेळा येते ते मोजा. मराठीत काना भरपूर. हुशार पोरांनी मोजलं. 17 आला 7 वेळा, 42 आला 6 वेळा. 17 म्हणजे काना असं धरून बसले आणि पुढं काहीच जुळेना. मजकूर चार ओळींचाही नसला की मोजणी अशी दगा देते.

गणितात काठावर पास होणारी एक मुलगी मोजतच नव्हती. म्हणाली, "सर, नोटीस हाय ही. पैल्या शब्दात चार आकडे, खरं त्यातला शेवटचाच दुसऱ्या शब्दाच्या सुरवातीला आलाय बघा."

सर्व विद्यार्थ्यांना! सूचनावही वर्गावर्गांत फिरवायचं काम तिच्याकडंच असतं. मग तिनं पडताळा घेतला. 'सर्व'मधली र आणि पायमोड ही जोडी दुसऱ्या शब्दात सातव्या-आठव्या जागी जशीच्या तशी. पायमोड तीनदा, काना तीनदा, य दोनदा, सगळे आपापल्या जागी. म्हणजे 17 हा काना नव्हेच, पायमोड. एका दमात 11 खुणा हाती आल्या, आणि 'कळविण्यात येते की' तर अख्ख्या वर्गानं ओरडून सांगितलं. पुढं होतं, 'उद्या दुपारनंतर सुट्टी आहे'. उद्या रविवार, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्राचे निरोप फोडणारी इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कातली माणसं हेच करत. जर्मन हवामान-संदेशात हवामानाचा शब्द असणारच, हे धरून चालायची. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, 'तुक्का लागला.' तुक्का अंदाजापुरता असेल. 19 जागा तपासून तो खरा ठरवणं याला गणितच म्हणतात. पण आमच्या प्रश्नपत्रिकेत त्याला मार्क नाहीत.

त्याच तासाला मी 1977 ची आरएसए पद्धत दाखवली: जाहीर किल्लीनं कुणीही निरोप सांकेतिक करावा, तो उलगडायला मात्र खाजगी किल्ली लागते. 3 गुणिले 11, म्हणजे 33. जाहीर किल्ली 3, खाजगी किल्ली 7. ही 7 काढायला भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं कुट्टक पुरतं: 3 ला कितीनं गुणलं की 20 नं भागून बाकी 1 उरते? (20 म्हणजे 3 आणि 11 मधून एकेक वजा करून, 2 गुणिले 10.) निरोप 4, त्याचा घन 64, 33 नं भागून बाकी 31. म्हणून 31 पाठवायचे. हे फळ्यावर मांडताना मला दरवेळी ऐट वाटते.

ती म्हणाली, "जाहीर किल्ली मलाबी म्हाईत हाय की. मग 0 पासनं 32 पर्यंत सगळ्यांचे घन करून तक्ता मांडते. 31 समोर 4 सापडतंय. 7 कशाला पायजे?"

संख्या शेकडो अंकी असली तर सगळा तक्ता कुणालाच मांडता येत नाही, हे मी सांगितलं. पण नोटीस ओळखीची असेल तर तेवढीच जाहीर किल्लीतून काढून ताडून बघता येते, हे तिचं म्हणणं उरतंच. म्हणून प्रत्यक्षात निरोपाला दरवेळी वेगळी, अंदाज न येणारी भर घालतात. ती 33 च्या खेळात कशी बसवायची हे मला अजून सुचलेलं नाही, आणि शनिवार जवळ आलाय.