ऋषीच्या भाजीतला दुधी

ऋषिपंचमीची भाजी परसातलीच हवी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही हा मूळ नेम, म्हणून नांगर न लागलेल्या जागेतलं, घरामागच्या परड्यात जे पिकलं असेल ते खुडायचं आणि एका टोपात शिजवायचं. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, डांगर, मक्याची कणसं, सुरण. दापोली तालुक्यातल्या गावांत महिला गटांच्या परसबागा बघणं हे माझं काम, आणि हा दिवस मी सहसा चुकवत नाही. एरवी प्रत्येकीची तोडणी आपापल्या सवडीने होते. या दिवशी मात्र सगळी वाडी एकाच सकाळी परड्यात उतरते, त्यामुळे कुठल्या मांडवाने किती दिलं ते काट्याला लावून वहीत उतरवता येतं.

त्या वर्षी मी गटाच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी होते. सगळी वाडी त्यांना काकी म्हणते, मीही म्हणते. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी उघडीप पडली होती. काकींच्या मांडवावर एका बाजूला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोंकण श्वेता’ पडवळ, दुसऱ्या बाजूला ‘कोंकण हरिता’ शिराळी. पडवळं सरळ वाढावीत म्हणून टोकांना सुतळीने दगड बांधलेले. वाफ्यांत भेंडी होती. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, शेंडा कट्‌कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. काकींच्या सूनबाई, म्हणजे वहिनी, विळीने देठ राखून शिराळी कापत होत्या आणि मी टोपली काट्याला अडकवत होते.

सगळ्यात देखणं फळ मांडवावरचं नव्हतंच. गायरीच्या, म्हणजे शेणाच्या खड्ड्याच्या, कडेला एक दुधीचा वेल आपसूक उगवला होता आणि शेणखतावर पोसून थेट पेंढ्याच्या उडवीवर चढला होता. त्याचा दुधी फिकट हिरवा, अंगावर बारीक लव, नख लावलं तर सहज रुतेल असा. वहिनींनी तो कौतुकाने माझ्या हातात दिला. “न लावता आलाय बघा ताई. त्याला खत नाय, पाणी नाय, काय नाय.”

भाजी चिरायला पडवीत चार बायका बसल्या. दुधी आणि काकडी चिरताना देठाकडची चकती आधी जिभेला लावून बघायची, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. तेव्हाही म्हटलं. पण घरात गणपती बसलेले, भाजी नैवेद्याची, आणि चिरणाऱ्या सगळ्या उपासाच्या. शेजारच्या आजी कडाडल्याच, “अगो, देवाआधी तोंडाला लावतात काय?”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नैवेद्य उष्टा करायचा नाही हे माझ्याही घरात पाळतात. मीठसुद्धा आम्ही अंदाजानेच घालतो. तोडगा काकींनीच काढला. दुधी धुण्याआधी, देवाच्या ताटात मोजण्याआधी, एक चकती कापून बाजूला ठेवायची. ती नैवेद्याची नव्हेच. आणि उपास नसलेली बाई मी एकटी, तेव्हा ती माझ्याकडे आली.

मी चकतीला नुसती जीभ टेकवली आणि लगेच थुंकले. कारल्याचा कडूपणा जिभेवर पसरतो आणि थोड्या वेळाने उतरतो. हा घशाच्या मागे जाऊन बसला. चूळ भरली, गुळाचा खडा चघळला, तरी हटेना. “हा टोपात जाऊ देऊ नका,” म्हटलं. काकडी कडू निघाली की आपण टोक कापून, ते घासून फेस काढतो, तसं करून बघू का, असं एकीने विचारलं. दुधीला तो उपाय नाही. कडवटपणा सगळ्या गरात असतो आणि शिजवूनही जात नाही.

तेवढ्यात वहिनींचा चेहरा उतरला. “ताई, यांनी सकाळी याच वेलाचा रस घेतलाय.”

वहिनींच्या मिस्टरांना मधुमेह. कुणीतरी सांगितलं म्हणून गेले काही दिवस ते अनशापोटी दुधीचा रस घ्यायचे, आतापर्यंत बाजारच्या दुधीचा. त्या दिवशी पहिल्यांदाच घरचा. सकाळपासून दोनदा उलटी झाली म्हणून माजघरात पडून होते, आणि आदल्या दिवशीचे मोदक बाधले असतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी आत गेले. घामाने भिजलेले, हातपाय गार, पोट दाबून धरलेलं. रस कडू लागला का, विचारलं. “लागला ना. पण औषध म्हटल्यावर कडू असायचंच. नाक दाबून प्यायलो.”

त्याच वेळी तिसरी उलटी झाली, आणि तिच्यात काळपट तपकिरी कण होते. पोटात रक्त सुटलं की ते असं दिसतं. मग मी थांबले नाही. वाडीतल्या एकाची रिक्षा काढली. लिंबूपाणी द्या, ताक द्या असं सांगणाऱ्यांना हात जोडले. उरलेला दुधी पिशवीत घालून बरोबर घेतला आणि सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. रक्तदाब बराच खाली गेला होता. सलाईन, पोटाच्या आतल्या अस्तरासाठी इंजेक्शन, रात्रभर देखरेख. या विषावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, शरीर सावरेपर्यंत त्याला आधार द्यायचा एवढंच हातात असतं. दोन दिवसांनी भावोजी घरी आले. ते थोडक्यात वाचले असं मी आजही मानते, कारण ते फक्त अर्धा पेला प्यायले होते.

हे विष म्हणजे कुकुरबिटासिन. काकडी, दुधी, भोपळा या सगळ्या वेलकुळात किडीपासून आणि जनावरांपासून बचावासाठी ते तयार होतं. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचं बी राखत ते खाण्याच्या वाणांतून जवळजवळ घालवलंय. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतल्यावर मृत्यू झाला. कारलं कडूच असतं, त्यामुळे दुधीचा कडूपणा त्यात झाकून गेला तर कळणार कसं? त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितलं: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खं फळ फेका, दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका, आणि घेतल्यावर अस्वस्थ वाटलं तर ताबडतोब दवाखाना गाठा. हे प्रत्येक घरातल्या मिक्सरवर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं. कडू ते गुणकारी या समजुतीने घरोघर जे रस प्यायले जातात, त्यांची मला मनापासून भीती वाटते.

भावोजी घरी आल्यावर मी पुन्हा परड्यात गेले, कारण वेल कडू का झाला हे शोधायचं होतं. वाडीत निकाल आधीच लागला होता: पलीकडे कारल्याचा मांडव आहे, त्याची सावली पडली. कारल्याचा आणि दुधीचा संकर होतच नाही, दोघांची जातकुळी वेगळी. खरं कारण वहळाकडच्या कुंपणावर सापडलं. तिथे कडू भोपळ्याचा जुना वेल होता. त्याची फळं वाळवून पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात. हा मात्र दुधीचा सख्खा भाऊ. दोघांची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, रात्री पतंग या वेलावरून त्या वेलावर फिरतात आणि पराग पोचतो.

यातली गोम अशी की ज्या वर्षी संकर होतो त्या वर्षी फळ गोडच राहतं, कारण गर आईच्या वेलाचा असतो. कडूपणा बियांत लपतो. आदल्या वर्षी काकींनी एक दुधी बियांसाठी वेलावर पिकवला होता, त्याचंच बी गायरीत पडलं. गोड दुधीचं म्हणून विश्वासाने राखलेलं बी पुढच्या पावसात कडू निघतं, ते असं. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांनीही कडूपणा वाढतो, पण कोकणातल्या भाद्रपदात तो प्रश्न नव्हता.

गायरीवरचा वेल आम्ही मुळासकट उपटला आणि फळं खड्ड्यात पुरली. गुरांपुढे टाकू दिली नाहीत. काकींनी डब्यातलं राखलेलं बी चुलीत घातलं. मी हळहळले, त्या हळहळल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘सम्राट’ वाणाचं बी लावलं आणि बी धरायचं ते कसं, हे एका संध्याकाळी सगळ्यांना मांडवाखाली उभं करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी टपोरी आणि टोकाशी पांढरी दिसते. मादी कळीच्या मागे बोटाएवढा दुधी असतो, नर कळी लांब देठावर नुसती. दोन्हींची तोंडं दोऱ्याने बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडून नराचे पराग मादीच्या मधल्या भागावर टेकवायचे, मादीचं तोंड पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत चिंधी. चिंधीवालं फळ वेलावरच वाळू द्यायचं, बाकीची खायची. बोटं जाड, पाकळ्या नाजूक, बऱ्याच कळ्या मोडल्या. सगळ्यात सफाईदार हात देवाआधी तोंडाला लावतात काय म्हणणाऱ्या आजींचा निघाला. आता वाडीतल्या दुधीच्या बियांचा डबा त्यांच्याकडे असतो, आणि बी मागायला येणाऱ्या बाईला त्या चकती चाखायचं आधी बजावतात, मग मूठ उघडतात.