आमची वाटचाल: बुटाची चेन बदलता येते

गिर्यारोहणाच्या बुटाची जलरोधक चेन गेली की बूट संपला, असे ग्राहकांना सांगणाऱ्यांची आमच्या व्यवसायात कधीच कमतरता नव्हती. हे म्हणणे खोटे आहे, याच खात्रीवर आमची कार्यशाळा उभी राहिली, आणि एकदा ती बंद पडण्याच्या टोकाला गेली तीही चेनमुळेच. त्या प्रसंगाविषयी आमच्या माघारी पुष्कळ बोलले गेले. आमची बाजू मात्र आजवर कोणी विचारली नाही, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

गेटर, म्हणजे बर्फ आत शिरू नये म्हणून बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे आवरण, बुटापासून वेगळा होता तोवर हा प्रश्न फारसा गंभीर नव्हता. चामड्याच्या बुटांवर आणि 1970 च्या दशकात आलेल्या प्लॅस्टिकच्या दुहेरी बुटांवरही गेटर वरून चढवला जाई, आणि तो फाटला तर दुसरा घेतला जाई. आज आठ हजार मीटर उंचीच्या शिखरांसाठी जे बूट बनतात, त्यांत आतला बूट वेगळा काढता येतो, पण बाहेरचा बूट आणि सोलपर्यंत चिकटवलेला गेटर हे एकच अंग झालेले असते, आणि ते बंद ठेवण्याची जबाबदारी एका चेनवर येऊन पडते. ती उघडी राहिली तर बर्फ आत शिरतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आणि पायाची बोटे धोक्यात येतात. 1950 साली अन्नपूर्णेच्या चढाईनंतर एर्झोग आणि लाशनाल या दोघा फ्रेंच गिर्यारोहकांनी पायाची बोटे गमावली, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. इतके ज्यावर अवलंबून आहे तो भाग सहज बदलता येईल असा बसवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. चेन आणि पादत्राण यांचा संबंध तर फार जुना आहे, कारण 1923 साली बी. एफ. गुडरिच कंपनीने रबरी बुटांना चेन लावली आणि तेथूनच ती मोठ्या प्रमाणावर खपू लागली. तरीही बुटाबरोबर सुटा रनर (चेन लावणारा-उघडणारा सरकता भाग) देण्याची किंवा चेनची जात कागदावर लिहिण्याची तसदी फार थोडे उत्पादक घेतात, याचा मला आजही राग आहे.

मी मूळचा बूट शिवणारा. माझे पहिले भागीदार, ज्यांना कार्यशाळेत सर्वजण दादा म्हणत, ते पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या पोशाखाची, दुरुस्ती करण्यात मुरलेले होते. जलरोधक चेन म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवले. पहिली जात म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याचे दात आतल्या बाजूला आणि बाहेरून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असलेली चेन. वायकेके या जपानी कंपनीची अ‍ॅक्वागार्ड ही तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. ती पाणी परतवते, पण पाण्याखाली ते पूर्णपणे अडवत नाही. दुसरी जात टिझिपसारख्या चेनची. तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबून बसतात आणि शेवटी रनर एका खोबणीत जाऊन घट्ट रुततो. पहिल्या जातीच्या जागी दुसरी बसवावी असा आग्रह अनेक ग्राहक धरतात, परंतु दुसरी जात जाड आणि ताठ असल्याने घोट्याच्या वळणावर ती सहज वाकत नाही. बुटाचे वळण पाहूनच चेन निवडली पाहिजे.

दादांच्या हाताखाली मला पहिली गोष्ट उमजली ती अशी, की तुटलेली म्हणून येणाऱ्या चेनपैकी बऱ्याच चेन तुटलेल्या नसतात. दात शाबूत असतात, पण वाळू आणि बर्फाच्या कणांनी रनर आतून झिजतो, त्याच्या दोन पत्र्यांमधले अंतर वाढते आणि तो पुढे गेला तरी मागचे दात जुळत नाहीत. अशा वेळी बारीक पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा आळीपाळीने, अगदी थोड्या थोड्या दाबत गेले तर चेन पुन्हा लागते. एकदम जोर लावला तर जस्ताचा ओतीव रनर तडकतो. हा उपाय तात्पुरता आहे. रनर बदलणे हाच खरा इलाज. रनरच्या पाठीवर कोरलेला आकडा पाहावा, पण केवळ आकड्यावर विसंबू नये, कारण दोन उत्पादकांचे क्रमांक 8 चे रनर एकमेकांच्या चेनवर बसतीलच असे नाही.

पापुद्रा सुटला असेल किंवा दातच निखळले असतील तर मात्र संपूर्ण चेन उसवावी लागते. आमच्याकडे त्यासाठी जुने सिंगर 29के यंत्र आहे. कापड दाबून धरणारा त्याचा पाय चहूबाजूंना फिरतो आणि लांब अरुंद हात बुटाच्या आत जातो, त्यामुळे सोलपासून गेटर न सोडवता शिवण घालता येते. नव्या यंत्रांचा वेग या कामात उपयोगाचा नाही. हे यंत्र मी हाताने चाक फिरवून चालवतो, कारण प्रत्येक टाका शक्यतो जुन्याच छिद्रातून जावा लागतो. नवी छिद्रे पाडत गेले तर कापडाची कड टपाल तिकिटासारखी होते आणि ताण आला की त्याच रेषेत फाटते. सुई गोल टोकाची हवी, चामड्याची पात्याची सुई नको. दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा हवा. शिवण झाल्यावर आतून युरेथेनचा चिकट लेप द्यावा लागतो, आणि त्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागते. ज्या बुटावर मालकाने सिलिकॉनचा फवारा मारला असेल त्यावर कोणताही गोंद धरत नाही, हे मी ग्राहकांना कळवळून सांगत आलो आहे.

संकट आले ते एका पुरवठादाराकडून. त्यांचा नमुना उत्तम होता, आम्ही तो तपासला होता, आणि मालासोबतच्या कागदावर पॉलियुरेथेन असेच लिहिले होते. त्या मालाच्या चेन आम्ही एका संपूर्ण हंगामाच्या बुटांना लावल्या. त्यानंतर उंच छावण्यांवरून निरोप येऊ लागले की पापुद्र्याला आडव्या चिरा पडत आहेत. आमच्या टेबलावर तर तीच चेन निर्दोष दिसत होती.

कारण सापडले ते आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकामुळे. त्या बाई व्यवसायाने गिर्यारोहण मार्गदर्शक आहेत आणि अगदी सुरुवातीपासून आपले बूट आमच्याकडे पाठवतात. त्यांच्याही बुटाची चेन वरच्या छावणीत चिरली होती. त्यांनी दात साफ करायच्या पक्क्या धाग्याने उघडा भाग शिवून टाकला, त्यावर सुटा गेटर चढवला आणि आपल्या गटाला सुखरूप खाली आणले. परतल्यावर त्यांनी बूट पाठवले, सोबत पापुद्र्याची एक पट्टी आणि एक पत्र पाठवले. चीर प्रथम घोट्याच्या घडीवर पडली, ती पहाटेच्या कडाक्यात पडली, आणि दुपारी तंबूत तोच पापुद्रा पुन्हा मऊ लागला, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. भरपाईचा एक शब्दही त्या पत्रात नव्हता.

पत्र वाचून दादांनी तांब्याची तार ज्योतीत लाल केली, त्या पट्टीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. याचा अर्थ पट्टीत क्लोरीन होते, म्हणजे तो पापुद्रा पॉलियुरेथेनचा नसून पीव्हीसीचा होता. पीव्हीसीला मऊ ठेवणारी द्रव्ये कडक थंडीत निरुपयोगी होतात, तो ताठरतो आणि वाकवला की तडकतो. (ही चाचणी मोकळ्या हवेतच करावी, तिचा धूर विषारी असतो.) आम्हाला नमुना एक आणि माल दुसराच दिला गेला होता. पुरवठादाराने शेवटपर्यंत ते कबूल केले नाही.

याच काळात एका मोठ्या विक्रेत्याने मोहिमा आखणाऱ्यांना पत्रे धाडली की दुरुस्त केलेले बूट जीवघेणे असतात आणि चेन गेल्यावर नवा बूट घेणे हाच मार्ग आहे. त्या पत्रात आमच्या एका बुटाचे छायाचित्र होते. दोष मालाचा आहे हे सिद्ध झाल्यावर मी स्वतः त्यांना कळवले, ज्योतीच्या चाचणीचा तपशील दिला, पण त्यांनी पत्र मागे घेतले नाही, उलट दुरुस्तीसाठी आलेल्या ग्राहकांना तेच ऐकवत राहिले. त्या वर्षी आमच्या फळीवर बूट नव्हते. दुसरे यंत्र विकावे लागले आणि दादांनी आपली ड्रायसूट तपासण्याची सामग्रीही विकून टाकली.

आम्हाला वाचवले ते आमच्या नोंदवहीने. प्रत्येक बुटासमोर चेनचे रीळ, दोरा आणि सुई यांची नोंद पहिल्यापासून ठेवली जात असे, त्यामुळे त्या मालाचा एकूण एक बूट शोधता आला. ग्राहक तक्रार करतील याची वाट न पाहता आम्ही स्वतः कळवले, बूट मागवले आणि स्वखर्चाने चेन बदलून दिल्या. त्या मार्गदर्शक बाईंनी आपल्या गटातल्या सर्वांचे बूट त्याच हंगामात आमच्याकडे पाठवले, आणि का पाठवले हे चारचौघांत सांगितले. ते ऋण मी विसरणार नाही. पुढची वर्षे कामाची गेली. त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. दादा आता निवृत्त झाले आहेत.

तेव्हापासून प्रत्येक रिळाचा तुकडा आम्ही आधी ज्योतीला लावतो, नंतर उणे 18 अंशांच्या शीतपेटीत रात्रभर ठेवतो आणि बाहेर काढताच दुमडून पाहतो. शिखरावरची थंडी याहून खूप अधिक असते, पण खोटा माल बहुधा येथेच उघडा पडतो. शिवलेल्या बुटात कोरडा कागद घालून, चेनचे वरचे टोक पाण्याच्या वर राहील इतक्या पाण्यात बूट उभा करतो आणि शिवणीपाशी कागद ओलावला का ते पाहतो.

वाचणाऱ्यांपैकी जे डोंगरात जातात त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चेन ओढून बूट आवळू नका; आवळण्याचे काम आतल्या बंदांचे आहे. गेटरमध्ये जाड विजार कोंबली की सारा ताण दातांवर येतो. बर्फाने अडकलेला रनर हिसकू नका, तळहाताने ऊब द्या. मोहिमेवर जाताना जुळणारा एक रनर, जाड सुई, पक्का धागा आणि सुटा गेटर सोबत घ्या. चिकटपट्टी गोठलेल्या, दमट कापडावर धरत नाही, म्हणून ती कपड्यांच्या आत अंगालगत ठेवा आणि लावण्यापूर्वी जागा पुसून कोरडी करा. परतल्यावर चेन पूर्ण उघडून गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, शेगडीजवळ नको. बूट ठेवताना चेनची घडी पडू देऊ नका.

दुरुस्तीला बूट पाठवायचा असेल तर दोन्ही पायांचे पाठवावेत, कारण एका चेनची जी झीज झाली आहे ती दुसरीचीही बहुधा झालेली असते. बूट धुऊन, आतला बूट काढून पाठवावा. कोणता गोंद किंवा फवारा वापरला असेल तर तो चिठ्ठीवर लिहावा, आणि निखळलेला रनर सापडला असेल तर तोही पिशवीत घालावा. त्याच्या पाठीवरचा आकडा वाचता आला की आमचे निम्मे काम तेथेच होते.