टॅपेट कव्हर आणि जांभळ्या ॲनोडायझिंगची गोष्ट, अपडेट ३

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गायब होतो कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, जे होतं ते लपवण्यासारखं होतं. आता थोडं रुळावर आलंय म्हणून लिहितोय.

आधी मूळ प्लॅन आठवा. टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण), ऑइल कॅप, कॉइलवरची प्लेट, कॅच कॅनचं (इंजिनमधून येणारी तेलाची वाफ अडवणाऱ्या डब्याचं) झाकण आणि सहा कप वॉशर, सगळं एकाच गडद जांभळ्या रंगात ॲनोडाइझ करायचं, म्हणजे ॲसिडमध्ये वीज देऊन ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवायचा आणि तो रंगवायचा. कॅप, प्लेट, झाकण, वॉशर हे सगळं ६०६१ या ॲल्युमिनियम अलॉयच्या बारमधून लेथवर काढलेलं. आणि टॅपेट कव्हर कंपनीचं, म्हणजे डायकास्ट (साच्यात ओतलेलं). प्लॅनमधली चूक इथेच होती पण मला ती तेव्हा दिसली नाही, कारण हातात दोन्ही धरलं तर दोन्ही ॲल्युमिनियमच वाटतं.

नशीब की कव्हरवर थेट प्रयोग केला नाही. त्याच जातीचा एक तुटका कास्टिंग ब्रॅकेट पडून होता, तो कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात) टाकला. दोन मिनिटांत तव्यासारखा काळा. बोटाने घासलं तर बोट काळं, ब्रश मारला तर अजून थोडं निघालं, आणि खाली परत काळपटच. कारण साधं आहे, डायकास्टला वापरतात त्या एडीसी १२ सारख्या अलॉयमध्ये सिलिकॉन साधारण १० ते १२ टक्के असतं, ६०६१ मध्ये ते ०.४ ते ०.८ टक्के. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, सिलिकॉन तसंच पृष्ठभागावर उरतं. नायट्रिकनेही ते जात नाही, त्याला फ्लोराइडवालं ॲसिड लागतं आणि ते मी घरात आणणार नाही, विषय संपला. तरी हट्टाने तो ब्रॅकेट ॲनोडाइझ करून डाय केला, रंग आला तो जांभळा नाही, ओल्या राखेत शाई सांडल्यासारखा, त्यात ठिपके.

शिवाय करंटचं गणित केलं तेव्हा अजूनच हसू आलं. मी १२ अँपिअर पर स्क्वेअर फूट धरतो. छोटे पार्ट सगळे मिळून जेमतेम अर्धा स्क्वेअर फूट, म्हणजे ६ अँपिअर, माझा पॉवर सप्लाय १० चा आहे, चालतंय. कव्हरचं आतलं बाहेरलं सगळं मोजलं (आतली बाजू पण मोजायची असते, तीही ॲसिडमध्येच असते ना) तर चार स्क्वेअर फुटांच्या वर गेलं, म्हणजे ४८ अँपिअरच्या वर. कागदावर हे आधी का नाही केलं ते विचारू नका.

तर निर्णय असा झाला की कव्हरला काळा रिंकल पेंट (सुकताना सुरकुत्या पडणारा) आणि बाकी छोटं सगळं जांभळं. आता खरं सांगतो, हेच जास्त चांगलं दिसतंय. सगळंच जांभळं असतं तर खेळण्यासारखं झालं असतं.

आता पहिल्या बॅचची फजिती. बाथ नेहमीचा, सल्फ्युरिक वजनाने १५ टक्के, तापमान २० च्या आसपास, बाजूने बर्फाचं पाणी. (नवीन लोकांसाठी, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि हायड्रोजन निघतो म्हणून हवा खेळती आणि ठिणगी लांब.) वेळेसाठी ७२० चा नियम, ७२० गुणिले थर किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हवा ते, भागिले अँपिअर पर स्क्वेअर फूट. मला ०.८ थाऊ म्हणजे २० मायक्रॉनच्या आसपास हवा होता, तर ४८ मिनिटं. मीटरवर पूर्ण वेळ ६ अँपिअर, काटा हलला नाही, मी खूश. डायमध्ये ६० डिग्रीला पंधरा मिनिटं बुडवलं आणि बाहेर काढलं तर प्लेट, झाकण, वॉशर मस्त गडद, आणि ऑइल कॅप फिक्कट गुलाबी, धुतल्यावर तर तोही रंग गेला.

अर्धा तास डोकं खाजवलं. डाय खराब म्हणावं तर बाकीचे पार्ट कसे रंगले? शेवटी मल्टिमीटर काढला आणि कॅप ज्या तारेला लटकवली होती ती तार तपासली, एक टोक ते दुसरं टोक, काहीच नाही. ब्लेडने थोडी खरवडली, लगेच बीप. ती मागच्या टेस्टमधली तार होती! ॲल्युमिनियमची तार पार्टबरोबर स्वतःही ॲनोडाइझ होते आणि तो थर वीज जाऊ देत नाही. म्हणजे कॅपला करंट पोचलाच नव्हता. आणि मीटर ६ दाखवत होता कारण सप्लाय कॉन्स्टंट करंटवर होता, म्हणजे काहीही झालं तरी एकूण करंट तोच ठेवतो, कॅपच्या वाट्याचा करंट बाकीच्यांनी निमूटपणे खाल्ला, त्यांचा थर ठरवल्यापेक्षा जाड झाला. त्यामुळे एकत्र टांगलेल्या पार्टमध्ये एक उपाशी राहिला तर मीटर चुगली करत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता दर वेळी नवीन तार, नाहीतर जुनी कॉस्टिकमध्ये साफ करून, आणि आट्याच्या भोकात पिळून घट्ट कोंबायची, नुसती अडकवायची नाही. तांब्याची किंवा लोखंडाची तार ॲसिडमध्ये चालत नाही, विरघळते आणि बाथ पण खराब करते.

कॅप परत केली. आधीचा थर थोडाबहुत असेल तर तो काढायला पुन्हा कॉस्टिक, पुन्हा घासणं. दर स्ट्रिपला थोडं माप जातं, आटे आता किंचित ढिले वाटतायत पण ओ-रिंग धरतेय. तिसऱ्यांदा करायची वेळ आली तर नवीन कॅप कापेन. दुसऱ्यांदा रंग बाकीच्यांपेक्षा अगदी किंचित उजळ आलाय, उन्हात शेजारी धरलं तरच कळतं. मला कळतंय, तुम्हाला फोटोत कळणार नाही.

सीलिंगला (थरातली बारीक छिद्रं बंद करायला) डिस्टिल्ड पाणी उकळत्याच्या जवळ, तासभर. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर जांभळा थोडा सुटतो, पाणी रंगतं, म्हणून या वेळी आधी निकेल ॲसिटेटचं सील दिलं आणि मग उकळलं, पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं.

कव्हरचं काम त्या मानाने सोपं पण कंटाळवाणं. आतला बॅफल (तेल अडवणारा पत्रा) काढला, रबर सील काढले, मग बीड ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने काचेचे बारीक मणी मारून साफ करणं), आणि मग धुणं, धुणं, धुणं. काचेचा एक मणी जरी आत राहिला तर तो ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातो, म्हणून बॅफल न काढता ब्लास्ट करणाऱ्यांना मी हात जोडतो. मग कामाच्या वेगळ्या ओव्हनमध्ये (खाण्याचा नाही!) १५० ला एक तास. कास्टिंगच्या बारीक छिद्रांतून जुनं तेल घामासारखं वर आलं, बोल्टच्या भोकांजवळ पिवळे थेंब. पुसलं, डिग्रीज केलं, परत तापवलं, परत थोडं आलं. तिसऱ्यांदा कोरडं.

रिंकल पेंटचे तीन जाड हात, एक आडवा, एक उभा, एक तिरपा, मध्ये पाच मिनिटं, आणि मग गरम. सुरकुती जाडीवर ठरते, जिथे पेंट पातळ तिथे गुळगुळीतच राहतं, आणि मी कडांवर हात आखडता घेतला म्हणून पुढच्या कडेला बोटभर पट्टी सपाट राहिलीय. वरची अक्षरं घासून चकचकीत काढायचीयत, ती पेंट पूर्ण पिकल्यावर, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून.

हो, कुणी जुन्या गाडीचं कव्हर घेत असेल तर ॲसिडच्या आधी बघा, काही कव्हर मॅग्नेशियमची असतात, आतल्या बाजूला खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर तिथेच थांबा.

आता ती सपाट कड. थोडी खरवडून फक्त तिथे परत मारावं की सगळं कव्हर उतरवून नव्याने? जोड दिसेल अशी भीती वाटते. कुणी केलंय का असं, आणि सुरकुती जुळली का?