तुम्ही विचारलंत म्हणून: देव रागावला नाही का?

कीर्तन संपलं की प्रसादाच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "भाऊ, वीस वर्षं तुम्ही ह्या नारदाच्या गादीपासून पळत होता म्हणे, मग देव रागावला नाही का?" दरवेळी हसून टाळतो, आज लिहितोच.

आमचे बाबा कीर्तनकार, गाव गोव्यात, माशेलच्या बाजूला. मी सोळाचा असताना त्यांनी मला पुढे उभं केलं, आवाज बरा होता, लोक म्हणायचे पोरगा बापाच्या वर जाणार, आणि मलाही आतून कळत होतं की आपलं काम हेच, तीच तर भानगड. कळलंच नसतं तर पळालो कशाला असतो? वेर्ण्याला कंपनीत लागलो आणि उत्सवाच्या दिवसात मुद्दाम नाईट शिफ्ट मागून घ्यायचो. बाबा गेले तेव्हा त्यांच्या झांजा पंच्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

शेजारच्या आंटीने एकदा योना नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. बायबलात जेमतेम चार अध्याय. देव म्हणतो निनवे शहरात जा, तिथल्या पापी लोकांना बजाव, हा याफोच्या बंदरावर जाऊन भाडं भरतो आणि भलत्याच दिशेच्या तार्शीशच्या जहाजात चढतो. मग वादळ, मग समुद्रात, मग तीन दिवस तीन रात्री माशाच्या पोटात. (कुठला मासा? गोंयकार आधी तेच विचारणार. नुसता 'मोठा मासा' लिहिलंय.) सगळे माशावर अडकतात, मी अडकलो पुढच्या ओळीवर. मासा त्याला किनाऱ्यावर ओकतो आणि देव दुसऱ्यांदा सांगतो, ऊठ, निनवेला जा. बस्स. कुठे होतास, का पळालास, काही नाही.

आणि गेल्यावर तरी सुधारला? छे, निनवेच्या लोकांना देवाने माफ केलं म्हणून रुसून बसला! तरी देव त्याला समजावतोय, अरे एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत तिथे, शिवाय कितीतरी गुरं. गुरंसुद्धा धरली हिशेबात, हे मला फार आवडतं.

माझ्या वेळी मासा नव्हता, फोन होता. देवळाच्या कमिटीतले म्हातारे, ज्यांना मी इतक्या वर्षांत पाच-सहा वेळा तरी खोटी कारणं दिलेली, म्हणाले, "औंदा कीर्तन तू करशील मरे?" मागचं एक अक्षर काढलं नाही. फोन ठेवला आणि माळ्यावर चढलो. पंच्याला कसर लागलेली, झांजा हिरव्या पडलेल्या, चिंच लावून तासभर घासल्या तरी एकीच्या कडेला हिरवं राहिलंच, अजून आहे, बघायचं असेल तर एकादशीला या.