तुम्ही विचारलंत म्हणून : एम ४१६ची नोंद का नाही?

बंदुका-पिस्तुलांच्या मराठी नोंदी करायचा मला नाद आहे, हे नाशिकरोडला ओळखीपाळखीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे एक प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. पोरं विचारतात, "काका, एवढ्या बंदुका लिहिल्यात, मग पबजीतली एम ४१६ का नाही?" तोफखाना केंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी सुभेदारसाहेब बरोबर उलटं विचारतात, "अहो, स्टार वॉर्स या सिनेमाचं नाव या वहीत शिरलंच कसं?" एकीकडे देवळालीचं तोफखाना स्कूल आणि दुसरीकडे दादासाहेब फाळक्यांचं त्र्यंबकेश्वर, मग नाशिकात हे दोन्ही पक्ष भेटायचेच.

सुभेदारसाहेबांचा नियम सोपा आहे. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जे मोजून जमा करता येत नाही ते शस्त्र नव्हे. मला हा नियम निम्मा पटतो.

पटतो तो आकड्यांपुरता. स्टर्लिंग कार्बाइन या आखूड बंदुकीचं वजन सुमारे २.७ किलो असं मी लिहिलं, तर कुणीही ती तराजूवर टाकून मला खोटं पाडू शकतो. ती सोय आहे म्हणूनच त्या आकड्याला किंमत आहे. खेळातल्या बंदुकीचा मारा, पल्ला, पुन्हा गोळ्या भरायला लागणारा वेळ हे सगळं खेळ रंगावा म्हणून ठरतं. एकच बंदूक जो तो उचलायला लागला की पुढच्या अपडेटमध्ये तिचा जोर उतरवतात. असला आकडा खऱ्या वजनाच्या शेजारी कसा छापायचा? पंचांगात ग्रहणाची वेळ असते आणि वर्षाचं राशिभविष्यही असतं, पण दोन्ही एका रकान्यात कुणी छापत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र मी पोरांच्या बाजूचा आहे. २०२०च्या सप्टेंबरात पबजी या मोबाइलवरच्या खेळावर बंदी आली, २०२१च्या जुलैत त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, आणि एम ४१६ पोरांच्या तोंडी होती तशीच राहिली. ही रायफल म्हणजे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची एचके ४१६. ज्याला तिचं कंपनीतलं नाव माहीत आहे त्याला माझ्या वहीची फारशी गरजच नाही. ज्याला खेळातलं नाव तेवढं माहीत आहे, त्याला दार उघडं हवं. म्हणून वहीत 'एम ४१६' अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे 'पाहा : एचके ४१६' एवढंच. ओळ आहे, नोंद नाही.

सिनेमाचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे कॅमेऱ्यासमोर बहुतेक वेळा खरोखरीची वस्तू असते. १९७७च्या स्टार वॉर्समधले पांढऱ्या चिलखतातले सैनिक जे 'ब्लास्टर' घेऊन धावतात, ती वरून चार तुकडे डकवलेली ब्रिटिश स्टर्लिंग आहे. हीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होत असे. डाव्या बाजूला आडवं मॅगझिन असलेली, बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेली कार्बाइन ती हीच. त्याच सिनेमातल्या हान सोलोचं पिस्तूल म्हणजे १८९६चं जर्मन माऊझर. १९८६च्या एलियन्समध्ये 'पल्स रायफल' आहे. कथेत ती १० मिलिमीटरच्या, पितळी खोळ नसलेल्या गोळ्या मारते. प्रत्यक्षात तिच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातली .४५ची थॉम्प्सन होती आणि बाहेरचा सांगाडा दोन शॉटगनचे भाग जोडून केलेला. आता ही रायफल काल्पनिक की खरी? माझ्या वहीत ती थॉम्प्सनच्या नोंदीखाली 'कुठे पाहिली असेल' या ओळीत आहे. हे वाचून सुभेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण कानपूरच्या कार्बाइनपाशी येऊन थांबले. ती त्यांनी स्वतः हाताळलेली.

चित्रीकरणातली बंदूक नोंदीत घ्यायला माझ्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते गमतीचं नाही. आपोआप पुढची गोळी भरणारी बंदूक झडणाऱ्या गोळीमागच्या दाबावर चालते. नुसत्या आवाजाच्या काडतुसात गोळीच नसते, दाब नळीतून निसटून जातो आणि यंत्रणा अडते. म्हणून अशा कामासाठी नळीत अडथळा बसवून तिचं तोंड अरुंद करतात. तरीही पुढ्यातून सुटणारा गरम वायू जवळच्या माणसाला जिवानिशी मारू शकतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन अभिनेत्याने सेटवर गमतीत आवाजाचं काडतूस भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला आणि तो वाचला नाही. १९९३ साली अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात गेला तो वेगळ्या रीतीने. जवळून दाखवायच्या दृश्यासाठी डमी काडतुसं केली होती. त्यांतली दारू काढली, पण दारू पेटवणारी बुडाची टोपी जिवंत राहिली. तिच्या धक्क्याने एक गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत जाऊन अडकली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये आवाजाचं काडतूस घातलं. पहिल्यात गोळी होती, दारू नव्हती. दुसऱ्यात दारू होती, गोळी नव्हती. दोन्ही मिळून एक सबंध काडतूस झालं. 'सिनेमातली बंदूक खोटी असते' असं समजणाऱ्या वाचकाला हे कोशात नाही तर कुठे सापडणार?

'कुठे पाहिली असेल' ही ओळ मी एकच ठेवतो, नाहीतर वॉल्थर पीपीके या पिस्तुलाच्या नोंदीत जेम्स बाँडच सगळी जागा खाईल. त्यातही पंचाईत आहेच. सुरुवातीच्या बाँडपटांच्या प्रसिद्धीसाठी बाँड झालेल्या शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते तेव्हा पीपीके जागेवर नव्हतं, म्हणून छायाचित्रकाराने वॉल्थरचंच छऱ्याचं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. त्या लांब नळीच्या पिस्तुलाच्या फोटोखाली पीपीके असं लिहून ठेवणारे लोक मला भेटलेले आहेत.

आणि बाँडला जागा द्यायची, तर ब्राउनिंगच्या नोंदीत नाशिकला ती आधी मिळायला हवी. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुलं पाठवली होती. परदेशी कोशात त्या पिस्तुलाखाली बेल्जियमचा कारखाना सापडेल, विजयानंद सापडेलच असं नाही. मराठीत वेगळा कोश करायचा तो एवढ्यासाठीच.

"जे पटण्यासारखं नाही ते वगळा," असंही कुणी सुचवतं. तसं करून चालत नाही. जेम्स पकलने १७१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलेली बंदूक ख्रिस्ती शत्रूंवर गोल गोळ्या आणि तुर्कांवर चौकोनी गोळ्या मारणार होती. १९६०च्या दशकात अमेरिकेत जायरोजेट पिस्तूल निघालं, त्यातून गोळीऐवजी इवलासा अग्निबाण सुटायचा आणि नळीबाहेर पडल्यावर वेग घ्यायचा. सिनेमात रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावला की जाणकार हसतात, कारण गोळ्या भरलेलं फिरतं चक्र आणि नळी यांमधल्या फटीतून आवाज बाहेर पडतोच. पण रशियाच्या १८९५च्या नागान रिव्हॉल्व्हरचं चक्र घोडा ओढताना पुढे सरकून ती फट बुजवतं, म्हणजे तिथे सायलेन्सर चालतो. हे तिन्ही कोतमध्ये मोजून ठेवता येतात. विचित्र दिसतात ही त्यांची चूक नाही.

ज्यांच्या पाठीमागे कुठलीच खरी वस्तू नाही, त्यांच्यासाठी वहीच्या शेवटी वेगळी पानं आहेत. तिथे नाव, कुठल्या सिनेमातली किंवा खेळातली, आणि साल. वजन नाही, पल्ला नाही. डूम या खेळातली बीएफजी ९००० तिथे आहे. सिगारेटकेस, लायटर आणि पेन जोडून होणारं बाँडपटातलं ते सोनेरी पिस्तूलही तिथेच आहे.

सध्या भांडण आहे ते रेलगनवर. दारूशिवाय, नुसत्या विजेच्या जोरावर गोळा फेकणारी ही तोफ. १९९६च्या इरेझरमध्ये श्वार्झनेगरने दोन हातांत दोन धरल्या, त्या मागच्या पानांवर आहेत. पण अमेरिकी नौदलाने खरी रेलगन वर्षानुवर्षं चाचणीला घेऊन २०२१ साली काम थांबवलं, आणि २०२३ साली जपानने जहाजावरून ती झाडून दाखवली. मी तिला पुढच्या पानांवर आणायच्या विचारात आहे. सुभेदारसाहेब म्हणतात, दारूच नाही तर ती तोफ कसली, विजेच्या सामानाच्या कोशात घाला. पोरांना मात्र ती कुठेही चालेल, फक्त खेळातल्या नावाने सापडली पाहिजे.