बाबांची अँजिओग्राफी

आज बाबांची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, झाली. मनगटातून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात, आणि माणूस चक्क जागा असतो! पडद्यावर एक रक्तवाहिनी मध्येच दोऱ्याएवढी झालेली दिसली. मुळात वाट जेमतेम ३-४ मिलिमीटरची, त्यात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचलेला. दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडणारं हृदय स्वतःसाठी रक्त घेतं ते अशाच चिंचोळ्या वाटांनी. लगेच त्या अरुंद जागी बारीक फुगा फुगवून वाट मोकळी केली आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवला. (हृदयात हा फुगा पहिल्यांदा वापरला १९७७ साली.) रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. तंबाखू अर्थातच बंद. जिना चढताना त्यांना धाप लागायची, तेव्हा आम्ही ‘वय झालं’ म्हणून सोडून देत होतो. बाबा मात्र एकच विचारतायत, घरी कधी सोडणार?